बयेच्या रक्तातला ऑस्ट्रेलिया

आमच्या आजीला आम्ही सगळे 'बय' म्हणायचो. बयेनं उभ्या आयुष्यात कोळगावाबाहेर लांबचे प्रवास केले ते दोनच. एक त्र्यंबकेश्वरचा आणि दुसरा परळचा. बाकी तिचं जग म्हणजे पालघरचा बाजार, केळव्या-माहीमची सोयरीक आणि शिरगावचा समुद्र. पण पंच्याहत्तरी गाठल्यावर ती ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायची, "माझ्या रगतात ऑस्ट्रेलिया हाय." ऐकणारा गोंधळला की पानाला चुना लावत पुढं म्हणायची, "डाक्टरनी कागद दिलाय तसा."

कागद खराच होता. 1994 सालचा, लॅबचा, गुलाबी रंगाचा. त्यावर टाइप केलं होतं, 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन : पॉझिटिव्ह'. तो बाबांनी वाचला तेव्हा मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. बाबांचा चेहरा उतरला. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या, "काय लिवलंय?" बाबांनी कागदाकडं बघितलं, मग बयेकडं, आणि कुठून सुचलं देव जाणे, म्हणाले, "बय, तुझ्या रक्तात ऑस्ट्रेलिया सापडला." बय हसली ती ठसका लागेपर्यंत. "मी कवा गेली तिकडं? बोटीवर बसली का काय?" त्या दिवसापासून तो घरातला विनोद झाला. आम्ही तिला खरं कधी सांगितलं नाही. किंवा असं म्हणू, की खरं तेवढंच सांगितलं.

त्याचं असं आहे, की हा ऑस्ट्रेलिया म्हणजे हिपॅटायटिस बी. बारूक ब्लमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी पदार्थ दिसला. त्यानं त्याला देशाचं नाव देऊन टाकलं. पुढं कळलं, की हे कावीळ करणाऱ्या विषाणूचं कवच आहे. 1976 साली ब्लमबर्गना नोबेल मिळालं, नाव बदललं, पण आपल्याकडचे जुने डॉक्टर आणि लॅबवाले 'ऑस्ट्रेलिया'लाच चिकटून राहिले. बरंच झालं म्हणायचं. 'तुझ्या रक्तात हिपॅटायटिस सापडला' असं हसत सांगता आलं असतं का?

पण मी भलतीकडूनच सुरुवात केली. आधी आजोबांचं सांगायला हवं.

आजोबा गेले 1966 च्या आगेमागे. मी सातआठ वर्षांची. त्यामुळे मी जे सांगते त्यातलं किती माझं बघितलेलं आणि किती बयेकडून ऐकलेलं, याची वाटणी आता मलाही करता येणार नाही. त्यांचे डोळे मात्र माझे आहेत. पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखे पिवळे. आणि हातापायाच्या काड्या झालेल्या, वर पोट मडक्यासारखं.

गावात दोन मतं होती. एक, की कुणीतरी करणी केली. दुसरं, की ताडी बाधली. दुसऱ्या मताचा बयेला भारी राग यायचा, कारण आजोबांनी कित्येक वर्षं ताडीला ओठ लावला नव्हता. त्याचीही एक गोष्ट आहे. 14 ऑगस्ट 1942 ला पालघरात मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण गेले. आज जिथं पाचबत्तीचा चौक आहे, ते त्यांचं स्मारक. आजोबा त्या गर्दीत होते असं बय सांगायची. पुढं होते की मागं, हे तिच्या सांगण्यात दरवर्षी बदलायचं. मोठे काका तेव्हा कडेवर होते, आणि आजोबा संध्याकाळी चिखलानं माखून, एक वहाण हरवून परत आले, एवढं मात्र कधी बदललं नाही. त्या रात्री त्यांनी ताडी सोडल्याची शपथ घेतली. ज्या मुलखात पाहुण्याला पाण्याआधी ताडी विचारतात, तिथं ही शपथ चोवीस वर्षं पाळली. आणि शेवटी त्यांचंच लिव्हर गेलं.

'लिव्हर' हा शब्द बयेनं परळला ऐकला. तिनं विचारलं, "म्हंजे काय?" कुणीतरी सांगितलं, काळीज. तिला ते पटलं नाही. काळीज तर छातीत असतं, पोरगं उशिरा घरी आलं की ते धडधडतं. पण मटणवाल्याकडं 'काळीज द्या' म्हटलं, की तो काय देतो? लिव्हरच देतो. आपल्या भाषेनं जीव लावायचं काम आणि पित्त गाळायचं काम एकाच शब्दाला देऊन ठेवलंय. बयेनं स्वतःपुरता निवाडा केला, "त्यांच्या काळजाला गाठ झाली," आणि ते ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी दुःखाबद्दल बोलतेय.

परळच्या आधी अर्थातच सगळे घरगुती उपाय झाले. भुईआवळीचा रस ताकातून, सकाळी अनशापोटी. उसाचा रस. तेल, हळद, सुके बोंबील बंद. आणि माळ. ही माळ मी डोळ्यांनी बघितली. आजोबांना पाटावर बसवलं, कुणी एक वैदू आला, त्यानं वनस्पतीच्या बारीक काड्यांची बांगडीएवढी माळ डोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कपाळाखाली उतरली, मग गळ्यात आली, मग छातीवर. माळ वाढतेय, कावीळ उतरतेय, म्हणून बयेनं त्याला पायली भरून तांदूळ दिले. मग चुन्याचं पाणी परातीत घेऊन हात चोळले, तर पाणी पिवळंधमक. मी टाळ्या वाजवल्या असणार. पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर एका शिबिरात कळलं, की काड्या सुकल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, आणि हाताला आंब्याच्या सालीचा रस लावला की चुन्याचं पाणी पिवळं होतं. कुणाचाही हात चालतो, काविळीचा लागत नाही. बयेला मी हे करून दाखवलं. तिनं परातीकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पायली गेली म्हंजे."

भुईआवळीला मात्र मी हसत नाही. 1988 साली मद्रासच्या थ्यागराजन यांनी, खुद्द ब्लमबर्गच्या सोबतीनं, 'लान्सेट'मध्ये लिहिलं होतं, की भुईआवळी घेतलेल्या 37 जणांपैकी 22 जणांच्या रक्तातून हा ऑस्ट्रेलिया नाहीसा झाला. मोठा गाजावाजा झाला. पुढच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही आणि विषय मागं पडला. पण आमच्या परसातल्या झुडपाची दखल नोबेलवाल्यानं घेतली होती, एवढं तरी बयेला सांगायला हवं होतं.

तर परळ. बैलगाडीनं पालघर स्टेशन, तिथून गाडी, दादरला उतरून पुढं. टाटाला नेलं की केईएमला, यावर घरात आजही भांडण होऊ शकतं. दोन्ही इस्पितळं समोरासमोर. केईएम 1926 चं. टाटा 28 फेब्रुवारी 1941 ला उघडलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. बयेला एवढंच आठवे, की समोरच्या फुटपाथवर माणसं चूल मांडून बसली होती, आणि एका बाईनं तिला ओळखदेख नसताना भाकरीचा तुकडा दिला. त्या वेळी ना सोनोग्राफी, ना स्कॅन. पोटात काय आहे हे बघायचं तर पोट उघडायचं. "उघडलं, बघितलं नि शिवून टाकलं," बय सांगायची. हे वाक्य मी त्या पिढीच्या कितीतरी तोंडून ऐकलंय. मग पोटातलं पाणी काढून घरी पाठवलं. जलोदर. त्यांना शेवटी उकडहंडी खावीशी वाटत होती, थंडीचे दिवस होते, शेंगा-कंद सगळं होतं घरात. पथ्य म्हणून बयेनं केली नाही. हे ती मात्र कुणाला सांगत नसे. मला एकदाच सांगितलं.

आता मोठ्या काकांकडं येते. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम 1964 च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा ते ठेकेदाराकडं मजुरीला लागले. आमच्याकडं त्या सगळ्याला नुसतं 'अणु' म्हणतात. "काका अणुवर गेलेत." 1969 ला वीज सुरू झाली. काका मग बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चिकटले, पण 1994 ला त्यांच्या पोटात गाठ निघाल्यावर गावानं एकमुखानं निकाल दिला, की हे अणुचंच. काकूंनाही तेच वाटे. परळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, याचं मूळ हिपॅटायटिस बी, घरातल्या सगळ्यांचं रक्त बघा. तिथून तो गुलाबी कागद आला.

गंमत अशी, की अणुचा आणि टाटाचा संबंध होताच, फक्त गाव म्हणत होतं तो नव्हे. 1962 पासून टाटा मेमोरियल हे अणुऊर्जा खात्याकडं आहे. ज्या खात्यानं आमच्या किनाऱ्यावर अणुभट्ट्या उभ्या केल्या, पुढं ज्याच्या प्रकल्पासाठी अक्करपट्टी आणि पोफरणची माणसं उठली, तेच खातं परळला केसपेपर काढतं. तारापूर केंद्राच्या टॅप्स कॉलनीतले बाबांचे एक मित्र होते, ते हे सांगताना नेहमी थोडे ओशाळायचे आणि थोडे फुशारायचे.

काकांना तपासताना डॉक्टरांनी एक गोष्ट करायला लावली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. दोन्ही हात पुढं करा, पंजे वर उचला, ट्रॅफिक हवालदार गाडी थांबवतो तसे. काकांनी केले. डॉक्टर पंजे फडफडतात का ते बघत होते. मग विचारलं, झोप रात्री लागते की दिवसा? काकांना वाटलं, डॉक्टर थट्टा करतायत. पण लिव्हर थकलं, की रक्तातलं विष मेंदूपर्यंत जातं, झोपेची वेळ उलटते, हात फडफडतात, ते सगळं त्या दोन प्रश्नांत होतं. मग डॉक्टरांनी जे सांगितलं, ते या आजाराबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात शहाणं बोलणं. म्हणाले, "तुम्हाला आजार दोन आहेत. एक गाठ. दुसरा, ज्याच्यात गाठ झालीय ते लिव्हर. मला गाठीशी भांडायचंय, पण लिव्हरच्या परवानगीनं."

बाकीचं लिव्हर धडधाकट असेल तर गाठीसकट तुकडा कापून टाकता येतो. शेवग्याची फांदी छाटली तरी झाड परत फुटतं तसं ते उरलेलं लिव्हर काही महिन्यांत वाढून भरून येतं. शरीरातला दुसरा कुठला अवयव असं करत नाही. पण काकांचं लिव्हर आत सुकून, चिवट होऊन बसलं होतं. त्यातला तुकडा गेला असता तर उरलेलं तगलं नसतं. म्हणून त्या काळी जो उपाय होता तो केला. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत लांब सुई थेट गाठीत घालायची आणि शुद्ध अल्कोहोल सोडायचं. गाठ जळते, सुकते. लहान गाठीला चालतं, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

काकांना हे कळलं तेव्हा ते खो खो हसले. "बाबानं चोवीस वर्षं थेंब घेतला नाही, आणि इथं डॉक्टर माझ्या गाठीला दारू पाजतो!" घरी येऊन बयेलाही सांगितलं. बय गंभीर झाली. म्हणाली, "मग ताडी चालली असती काय?" साडेतीन वर्षं काढली काकांनी. आजोबांना साडेतीन महिनेही मिळाले नव्हते.

कागद आला त्यानंतरची एक दुपार. घरातल्याच एकीनं, नाव घेत नाही, बयेचा पितळी गडवा आणि ताटली वेगळी काढून ठेवली. बयेच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. बाबांच्या आलं. त्यांनी काही न बोलता बयेचा गडवा उचलला, तिनं अर्धं पिऊन ठेवलेलं पाणी घटाघटा प्यायले आणि गडवा सगळ्यांच्या गडव्यांत नेऊन उपडा घातला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, हे ताटावाटीनं, शिंकेनं, जेवणानं पसरत नाही. रक्तानं पसरतं, नवरा-बायकोत जातं, आणि आईकडून बाळंतपणात बाळाला.

म्हणजे बयेकडून. मी हे वाक्य लिहायला बरीच वर्षं घेतली.

तिला कुठून आलं? आजोबांकडून तिला, की तिच्याकडून आजोबांना? तिच्या आईकडून? हातावर तुळशीवृंदावन आणि हनुवटीवर तीन ठिपके होते, ते गोंदणारणीच्या एकाच सुईनं साऱ्या आळीतल्या पोरींना काढलेले. की देवीच्या साथीत टोचायला आलेल्या सुईनं? कुणी सांगावं. मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. तान्ह्या बाळाला लागला, तर दहातल्या नऊ बाळांत तो घर करून राहतो, चाळीस-पन्नास वर्षं गप्प. बयेच्या चार मुलांत तिघांना होता. बाबांनाही होता, त्यांना तो शेवटपर्यंत काही बोलला नाही, ते हृदयानं गेले. आणि बयेला तर काहीच झालं नाही. 2007 साली अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, आदल्या रात्री कोलमाची भाकरी आणि कोलीम खाऊन, झोपेत गेली. ऑस्ट्रेलियासकट.

आत्यालाही 1994 ला सांगितलं होतं, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा. तेव्हा यावर गोळी नव्हती, आणि ज्यावर गोळी नाही त्या आजारासाठी दर सहा महिन्यांनी दोन गाड्या बदलून कोण जाणार? ती तारापूरच्या बाजूला दिलेली, शेती, सुना, नातवंडं. "मना काय होते?" म्हणायची. 2011 च्या दिवाळीनंतर वजन उतरलं तेव्हा तपासलं. गाठी तीन, एक मोठी.

तिच्यासोबत परळला मी जायची, नुकतीच निवृत्त झाले होते. डहाणूपर्यंत लोकल आली ती एप्रिल 2013 ला, आत्या गेल्यावर. तेव्हा शटल आणि पॅसेंजर, पासवाल्या बायका आत्याला बघून सरकून जागा द्यायच्या, आणि ती डब्यातून आणलेले ताडगोळे त्यांनाच वाटून टाकायची.

आधी तिच्या जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून लिव्हरपर्यंत नेली, गाठीला जाणाऱ्या रक्तवाहिनीत औषध सोडलं आणि वाहिनी बुजवली. आत्या घाबरली, "रगत बंद केला तर काळीज मरल ना?" तरुण डॉक्टरणीला नीट सांगता येईना. आतेभावानं सांगितलं. त्यांच्या शेताला सूर्या धरणाच्या कालव्याचं पाणी आहे. म्हणाला, "आई, काळजाला दोन पाट. मोठा पाट आतड्यांकडून येतो, चार आण्यांतलं तीन आणे पाणी त्याचं. धाकटा पाट धमनीचा. गाठ बया लबाड, ती सगळं पाणी धाकट्या पाटाचं पिते. आपण फक्त धाकट्याचं दार टाकतोय." आत्यानं मान हलवली. डॉक्टरणीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पण दोन महिन्यांत गाठ मोठ्या पाटात शिरली. आता दार टाकून उपयोग नव्हता. राहिली गोळी, सोराफेनिब. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, म्हणाले, या गोळीनं सरासरी तीनेक महिने वाढतात. ज्या मोठ्या चाचणीवर ती मंजूर झाली, तिच्यात गोळी घेणारे 10.7 महिने जगले, न घेणारे 7.9. आत्या शेतकरीण. ती म्हणाली, "तीन महिन्यात हळवा भात होतो. गरवा नाय होत. चालल."

पण दिवसाला चार गोळ्या, महिन्याला एकशेवीस, आणि महिन्याचा दर 2 लाख 80 हजारांच्या घरात. त्या भावात हळवं सोडा, आत्याचं शेतच विकावं लागलं असतं. आणि नेमक्या त्याच वेळी, मार्च 2012 मध्ये, मुंबईच्या पेटंट कार्यालयातून एक आदेश निघाला. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला हीच गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला. भारतातला असा पहिलाच. पेटंट बायरचं, पण औषध लोकांना परवडेल अशा दरात मिळत नाही, म्हणून. नॅटकोनं महिन्याच्या एकशेवीस गोळ्या 8,800 रुपयांना द्यायच्या आणि बायरला विक्रीवर सहा टक्के रॉयल्टी. पुढं प्रकरण अपील मंडळात गेलं, मुंबई उच्च न्यायालयात गेलं, 2014 ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, पण परवाना टिकला. बातमी बाबांनी पेपरातून कापून आत्याला नेऊन दाखवली. आत्यानं विचारलं, "वांगी पन इतकी उतरत नाय. आधी काय घालत व्हते त्यात?"

गोळीनं तिचे तळहात सोलले. त्या औषधाचं तसंच असतं, हातापायाचे तळवे लाल होतात, फोड येतात. तिला भाकरी थापता येईना. चुलीपुढं बसून दोन्ही हात पदरात गुंडाळून सुनेला सांगत राहायची, पाणी कमी झालं, काठ फाटतोय, फिरव. सुनेच्या भाकऱ्या त्या सहा महिन्यांत सुधारल्या, असं सूनच सांगते. ऑक्टोबरमध्ये आत्या गेली. हळवं कापून झालं होतं, गरवं उभं होतं.

त्यानंतर मात्र आम्ही शहाणे झालो. आत्याच्या मुलीच्या, माझ्या आतेबहिणीच्या रक्तातही तो निघालाच होता. तोवर विषाणूला दाबून ठेवणारी रोजची एक गोळी आली होती, ती घ्यायला आतेबहीण विसरत नाही. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत रक्ताची एक तपासणी. 2019 ला पडद्यावर एक ठिपका दिसला. दोन सेंटिमीटर. बोराएवढा.

आजोबांचं पोट उघडून शिवलं, त्याच्या पन्नासेक वर्षांनी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो आणि ते चक्क विचारत होते, यातलं काय करायचं? कापता येईल. लिव्हर बदलता येईल. एकच गाठ आणि ती पाच सेंटिमीटरच्या आत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीनच्या आत, अशी मिलानच्या डॉक्टरांनी 1996 ला घालून दिलेली मर्यादा आहे, तिच्यात ही सहज बसते. बदललं तर गाठही जाते आणि गाठ होणारं लिव्हरही. पण देणारा हवा, खर्च वीस लाखांच्या घरात, आणि जन्मभराची औषधं. तिचा मुलगा तिथंच म्हणाला, माझं घ्या. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो गप्प बसला. किंवा, डॉक्टर म्हणाले, एवढीशी गाठ आहे तर सुई घालून आतल्या आत भाजून टाकू. या आकाराला ते जवळजवळ कापण्याइतकंच चालतं.

तेच केलं. दुसऱ्या दिवशी घरी. मला बयेची आठवण आली. आमच्याकडं पोरांना कावीळ झाली, की पोटावर तापल्या सळईचा डाग द्यायचे. बाबांच्या बेंबीवर तसा एक वण होता. बय असती तर म्हणाली असती, डाग बाहेरून देत होतो, आतून द्यायचा व्हता.

बाबांचे ते टॅप्समधले मित्र आता पंच्याऐंशीचे आहेत. आतेबहिणीला बघायला आले तेव्हा त्यांनी नवीच माहिती दिली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं काचेचे सूक्ष्म मणी बनवलेत, केसाहून बारीक, त्यात किरणोत्सारी यट्रियम. धाकट्या पाटातून सोडायचे, ते गाठीत जाऊन अडकतात आणि आतून किरण देतात, काही मिलिमीटरपुरते. चौसष्ट तासांनी अर्धा जोर ओसरतो. नाव भाभास्फिअर. "अणुचं," ते म्हणाले आणि जरा थांबले. मला वाटतं, ते काकूंचा विचार करत होते. हल्ली शरीराच्या स्वतःच्या फौजेला जागं करणारी सलाइनंही निघालीत, त्यांचा खर्च लाखांत. आम्हाला अजून गरज पडली नाही.

कोळगाव आता ओळखू येत नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि मुख्यालयाची जागा आमच्या गावात निघाली. बोईसरच्या रस्त्याला लागलं, की भातखाचरांच्या पलीकडं त्या भल्या थोरल्या इमारती. बय गवताचा भारा घेऊन ज्या बाजूनं यायची, तिथं आता साहेबांच्या गाड्या उभ्या असतात.

2022 च्या पावसाळ्यात आतेबहिणीची मुलगी बाळंत झाली. तिलाही तो आहे, आईकडून आलेला. सातव्या महिन्यापासून डॉक्टरांनी गोळी चालू केली होती. मुलगी झाली ती पहाटे. मी, आतेबहीण आणि जावई बाहेर बसलो होतो, आणि माझं एकच चाललं होतं, टोचलं का? हिपॅटायटिस बीची ही लस 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशात बनवली म्हणून स्वस्त झाली, 2011 पर्यंत देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. पण आईला आजार असेल तर बाळाला पहिल्या काही तासांतच द्यावी लागते, आणि दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन वेगळं. नर्सबाई दोनदा सांगून गेल्या, हो आजी, देतोय.

शेवटी मी आत गेलेच. बाळ दुपट्यात, दोन्ही मांड्यांवर कापसाचे बोळे. नर्स कार्डावर लिहीत होती, हिपॅटायटिस बी, झीरो डोस, तारीख, वेळ सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियाचं दिलंत ना?" तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि आतेबहिणीला हळूच विचारलं, "आजींना साखर कमी झालीय का? काही खाल्लंय का त्यांनी सकाळपासून?"